पहिली-दुसरीतल्या मुलाला शाळेत विशेष मदत कशी मिळवायची

मी सातारा जिल्ह्यात विशेष शिक्षिका म्हणून समावेशित शिक्षणाचं, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकवण्याचं काम करते. माझी अशी एक शाळा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा ठरलेल्या वारी फिरायच्या, विशेष गरजा असलेल्या मुलांसोबत बसायचं, त्यांच्या बाईंशी-गुरुजींशी बोलायचं, पालकांना भेटायचं. पालक भेटले की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "मॅडम, सर्टिफिकेट कुठं मिळेल?"

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते कसं काढायचं हे पुढे सांगतेच. पण वर्गात मिळायची मदत आणि हातात यायचं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या वाटा आहेत. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करा आणि एकीसाठी दुसरी थांबवू नका, एवढंच मला कळकळीनं सांगायचं आहे. कारण पालकही प्रमाणपत्राची वाट बघतात, शाळाही बघते, आणि मधल्या काळात वर्ग काना-मात्रेवरून जोडाक्षरांवर जातो. मूल तिथंच राहतं.

वाचन-लेखनाच्या अडचणीचंच उदाहरण घ्या. अध्ययन अक्षमतेची शाळेत चाळणी करायची ती तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यातलं जे आधी येईल तेव्हा, असं केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. प्रमाणपत्राचा विषय त्यानंतरचा. म्हणजे पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाच्या आईला शाळा "आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू" म्हणत असेल, तर त्या वयात न मिळणारा कागद तिच्याकडे मागितला जातोय. हे शांतपणे सांगता आलं पाहिजे, म्हणून आधी लिहिलं.

आधी वही करा

एक साधी दोनशे पानी वही घ्या. रोज रात्री दोन-तीन ओळी, तारीख घालून. "अभ्यासात मागे आहे", "लक्षच देत नाही", "हट्टी आहे" ही वाक्यं वहीत नकोत. त्यावरून मला किंवा डॉक्टरांना काही कळत नाही. काय दिसलं ते लिहा. "फळ्यावरच्या पाच ओळींपैकी दोन उतरवल्या, बाकी ओळी सुटल्या." "गोष्ट तोंडी पूर्ण सांगितली, लिहायला बसला तेव्हा पाटी ढकलली." "परिपाठाला माईक सुरू झाला की कानांवर हात धरतो, वर्गात आल्यावर अर्धा तास कुणाशी बोलत नाही." "पाठीमागून हाक मारली तर बघत नाही, समोर गेलं की लगेच बघतो." जमतं तेही लिहा. वीस गाड्यांचे नंबर पाठ असणं, लहान भावाला बरोबर सांभाळणं, चित्रातला बारकावा टिपणं, हे सगळं उपयोगी पडतं, कारण शिकवायची सुरुवात तिथून करावी लागते.

दोन आठवड्यांच्या अशा नोंदी हातात असल्या की वर्गशिक्षकांशी बोलणं वेगळंच होतं. त्यांच्यासमोर अख्खा वर्ग असतो, काही ठिकाणी दोन इयत्ता एकत्र. त्यांना तुमच्या मुलाचं काय होतं हे नेमकं दिसलेलं नसतं, किंवा दिसलेलं असतं आणि कुणाला सांगावं हे कळत नसतं.

घरातल्यांचंही एक सांगते. "याचा बापपण उशिराच बोलला होता" हे वाक्य मी घराघरांत ऐकते. बोलला असेलही. तरीही तपासणी करून घ्या. तपासून काही निघालं नाही तर नुकसान काहीच नाही. आणि ऐकण्या-बोलण्याची अडचण असेल तर लहान वयातलं प्रत्येक वर्ष मोलाचं असतं.

कान आणि डोळे पहिले

बुद्धीची, वर्तनाची, अध्ययनाची कुठलीही चाचणी करण्याआधी कान आणि डोळे तपासा. वर्गात "लक्ष नसलेली" म्हणून मागच्या बाकावर बसवलेली मुलगी प्रत्यक्षात नीट ऐकू न येणारी निघते, हे मी पाहिलंय. मागच्या बाकावर तर तिला बाईंचे ओठही दिसत नव्हते.

यासाठी खर्च करावाच लागतो असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यायला हवं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. पथक आलं त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि वहीतलं पान डॉक्टरांना दाखवा. तिथून पुढे जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवतात. चिठ्ठी मागून घ्या. "दाखवून या" असं तोंडी सांगितलेलं पुढं कुणाला आठवत नाही.

आणखी दोन गोष्टी तपासणाऱ्याला आपणहून सांगा. घरी कुठली भाषा बोलता, आणि मूल शाळेत किती महिने सलग बसलंय. ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर जाऊन आलेलं मूल वाचनात मागं असेल तर ती शाळा बुडाल्याची अडचण असू शकते. घरात फक्त मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, अशा मुलाचंही तसंच. त्यांनाही मदत हवीच, पण वेगळी.

शाळेला अर्ज

तोंडी बोलून झालं की लेखी द्या. भांडायला म्हणून नाही; लेखी अर्ज आला की मुख्याध्यापकांना तो केंद्रप्रमुखांकडे (आसपासच्या शाळांच्या गटाचे प्रमुख) आणि तालुक्याच्या गट साधन केंद्राकडे पाठवता येतो, आणि माझ्यासारखीला त्या शाळेत त्या मुलासाठी यायला आधार मिळतो. बाई बदलल्या, मुख्याध्यापक बदलले तरी कागद राहतो. पालकांना मी साधारण असा मजकूर लिहून देते:

"प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: माझ्या पाल्याची विशेष गरजांबाबत तपासणी व वर्गात आवश्यक मदत मिळणेबाबत. महोदय, माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता दुसरीत शिकत आहे. त्याला तोंडी समजते, परंतु फळ्यावरून उतरवणे व वाचणे यांत अडचण येते. मागील दोन आठवड्यांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. तरी विशेष शिक्षकांकडून त्याची प्राथमिक तपासणी व्हावी, वर्गशिक्षक व विशेष शिक्षक यांच्यासोबत आमची बैठक व्हावी आणि तोपर्यंत खालील सोयी वर्गात सुरू कराव्यात, ही विनंती."

खाली दोन किंवा तीन सोयी, जास्त नाही. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती घरी ठेवा. खालीच "दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 16" एवढं नमूद केलं तर चांगलं. त्या कलमाप्रमाणे शासनाच्या निधीवर चालणाऱ्या किंवा शासनमान्य शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, गरजेप्रमाणे सोयी करायच्या आणि अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखायची आहे. त्या कलमात 40 टक्क्यांची अट नाही. ती अट पुढच्या, कलम 31 मध्ये आहे: 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जे पालकांना हवं तिथं.

प्राथमिक तपासणीसाठी एनसीईआरटीनं 2022 मध्ये काढलेली "प्रशस्त" ही पडताळासूची शाळेत वापरता येते. पहिला भाग वर्गशिक्षक भरतात, दुसरा विशेष शिक्षक किंवा मुख्याध्यापक. त्यातून निदान होत नाही. कुठल्या दिशेनं तपासायचं ते कळतं. "आमच्या मुलाची प्रशस्त भरली का?" असं नाव घेऊन विचारा.

विशेष शिक्षक आमच्या शाळेला नाहीच, असं उत्तर येऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं 2021 च्या निकालात प्राथमिक स्तरावर दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. आपल्या राज्यानं 2024 मध्ये शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे, म्हणजे केंद्रप्रमुखांकडे असलेल्या शाळांच्या गटामागे, एकेक विशेष शिक्षकाचं पद ठेवलं. प्रत्यक्षात एका माणसाकडे बऱ्याच शाळा असतात, म्हणून मी रोज येऊ शकणार नाही. त्यामुळेच वर्गशिक्षक रोज काय करतील हे ठरवणं माझ्या भेटीपेक्षा महत्त्वाचं.

बैठकीत काय मागायचं

इथं पालक सगळ्यात जास्त अडखळतात. "लक्ष द्या जरा" असं म्हणून उठतात. बाईही "देतो की" म्हणतात. दुसऱ्या दिवशी काहीच बदललेलं नसतं, कारण काय बदलायचं हे कुणीच बोललेलं नसतं.

एकेक गोष्ट मागा, आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी करता येईल अशी. ऐकण्याची अडचण असेल तर पुढचा बाक, खिडकीकडे पाठ करून, म्हणजे बाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडतो आणि ओठ दिसतात; बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. दृष्टी कमी असेल तर फळ्यावरचा मजकूर मोठ्या अक्षरात कागदावर, जाड काळ्या पेनानं. वाचन-लेखन जड जात असेल तर पाचऐवजी दोन ओळी लिहायला देणं, उरलेलं तोंडी विचारणं, आणि सगळ्या वर्गासमोर अचानक उभं करून वाचायला न लावणं. ही शेवटची सोय फुकटची आहे आणि माझ्या अनुभवात मुलाला शाळेत टिकवते ती हीच.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी दिवस कसा जाणार हे आधीच कळणं फार मोठं असतं. प्रार्थना, भाषा, गणित, जेवण, खेळ, घर अशी सहा चित्रं एका पट्टीवर चिकटवायची. एक झालं की ते चित्र उलटं करायचं. घंटेचा किंवा माईकचा आवाज सहन होत नसेल तर परिपाठाला माईकपासून लांब, दाराजवळची जागा. गर्दीच्या पंगतीत खिचडी खात नसेल तर दोन मित्रांसोबत थोडं बाजूला बसून. सतत हालचाल लागणाऱ्या मुलाला वह्या गोळा करायचं, फळा पुसायचं काम द्यायचं. त्याला उठायचंच असतं. कामाला उठला तर ओरडा खावा लागत नाही.

सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असलेल्या मुलाच्या बैठकीत मी पहिला विषय शौचालयाचा काढते. उतार आहे का, धरायला दांडी आहे का, सोबत कोण जाणार. ही सोय नसेल तर मुलं सकाळपासून पाणी पीत नाहीत. पालक हे बोलायला संकोचतात, म्हणून तुम्हीच बोला.

मग आयईपी, म्हणजे त्या एका मुलासाठीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा. तो लिहिलेला हवा आणि त्यात मोजता येईल असं उद्दिष्ट हवं. "मराठी वाचन सुधारणे" हे उद्दिष्ट मी खोडायला लावते. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कमळ, बदक, गवत असे काना-मात्रा नसलेले दहा शब्द दिल्यास आठ वाचेल, सरावासाठी रोज दहा मिनिटं, अक्षरपट्ट्या वापरून, वर्गशिक्षकांनी तिसऱ्या तासाला" असं असलं की दिवाळीनंतर तुम्हाला आणि मला विचारता येतं, झालं का? नसेल झालं तर मुलाला दोष न देता पद्धत बदलायची. आराखड्याची एक प्रत मागून घ्या. त्यात घरचा वाटा काय तेही लिहून घ्या, आणि तो छोटा ठेवा. दिवसभर शाळेत झगडून आलेल्या मुलाला घरी पुन्हा दोन तास उजळणीला बसवलं तर त्याला वहीचाच तिटकारा येतो.

प्रमाणपत्राची वाट

केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. मुलाचा फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा लागतो. नंतर ठरलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते आणि प्रमाणपत्रासोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र मिळतं. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, वाचा-भाषा दोष हेही त्यात आले. रुग्णालयातल्या दिव्यांग मंडळाचे, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचे वार ठरलेले असतात आणि तज्ज्ञ वेगवेगळ्या दिवशी बसतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. रोजंदारी बुडवून गेलेल्या माणसाला परत यावं लागणं वाईट. वही, आरबीएसकेची चिठ्ठी, शाळेचं पत्र आणि श्रवण-दृष्टीचे अहवाल सोबत ठेवा.

पाच वर्षांखालच्या मुलाला विकासात्मक विलंबाचं मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं आणि पुढे पुन्हा तपासणी होते. मुदत संपायच्या आधी तीन-चार महिने तयारीला लागा. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची पुन्हा तपासणी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी होते. या चाचण्यांची सोय सगळीकडे नाही. मुंबईत शीव, नायर आणि केईएम या महापालिकेच्या रुग्णालयांत ती आहे. इतर जिल्ह्यांतल्या पालकांनी जिल्हा रुग्णालयातून पुढं कुठं पाठवतात ते लेखी घ्यावं. खासगी ठिकाणी चाचणी केलीत तर विशेष शिक्षकांचा किंवा मानसशास्त्रज्ञांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा. तो अहवाल वर्गातल्या नियोजनाला उपयोगी पडतो, पण शासकीय प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही.

कार्ड हातात आलं की त्याच आठवड्यात शाळेत जा आणि यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे शाळा मुलांची माहिती भरतात त्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलाची नोंद विशेष गरजा असलेलं मूल म्हणून, बरोबर प्रकारासह, झाली का ते विचारा. हे फार पालकांना माहीत नसतं. समग्र शिक्षा अभियानातून मिळणारा प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींचा दरमहा 200 रुपयांचा प्रोत्साहन भत्ता, साहित्य-साधनांच्या शिबिरातलं श्रवणयंत्र किंवा व्हीलचेअर, हे सगळं त्या नोंदीवरून पुढं जातं. नोंद नसेल तर मूल यादीत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, आणि थेरपीचा खर्च त्यात येतो. पहिलीला प्रवेश घ्यायचा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांसाठी 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेलं मूल वंचित गटातून अर्ज करू शकतं. त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

शाळा नाही म्हणाली तर

"आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही" असं म्हटलं की बरेच पालक मान खाली घालून घरी जातात. जाऊ नका. तेवढंच वाक्य लिहून मागा. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घेता येत नाही, आणि प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. काही खासगी शाळा "शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस) स्वतःच्या खर्चानं ठेवा, नाहीतर न्या" असं सांगतात. त्यावरही लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा बोलण्याचा सूर बदलतो.

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा; त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढं केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. शिक्षण हक्काखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली तर ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते, आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. दिव्यांग हक्काबद्दलची तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयाकडे करता येते. प्रत्येक ठिकाणी शिक्का मारलेली प्रत जोडा. एकदम वर जाण्याआधी खालच्या पायऱ्या चढा; बहुतेक प्रकरणं गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत सुटतात, आणि मुलाला त्याच वर्गात, त्याच बाईंसमोर बसायचं असतं.

मूल फार गंभीर दिव्यांग असेल आणि शाळेत येणं शक्यच नसेल तर घरी जाऊन शिकवण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण हा पर्याय शाळेच्या सोयीसाठी पुढं केला जात असेल तर मान्य करू नका. जिन्याची अडचण असेल तर वर्ग तळमजल्यावर आणता येतो.

वर्ग बदलताना

मार्च-एप्रिलमध्ये आणखी एक काम ठेवा. जूनला वर्गशिक्षक बदलतात आणि वर्षभर बसवलेली घडी नव्या बाईंना माहीत नसते. एका पानावर लिहून द्या: मुलाला काय आवडतं, काय जमतं, कशानं बिथरतं, बिथरल्यावर काय केलं की शांत होतं, कुठं बसवायचं, कुठल्या सोयी चालू आहेत, कुठलं औषध किंवा यंत्र आहे, श्रवणयंत्राचा सेल कसा बदलायचा. जुन्या बाईंची त्यावर सही घ्या. शाळा सुरू व्हायच्या आधी, शिक्षक शाळेत येऊ लागले की मुलाला घेऊन एकदा रिकामा वर्ग दाखवून आणा, बाक, शौचालय, पाण्याचा नळ कुठं आहे ते दाखवा, आणि ते पान नव्या बाईंच्या हातात त्याच दिवशी द्या.